कोपीतला हिवाळा

(दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊस तोडण्यासाठी गाव सोडतात. पुढचे पाच-सहा महिने ती उघड्या रानात, कोपीत राहतात. कडाक्याच्या थंडीत ती कशी राहतात, ऊब कशाने टिकते, कोणते धोके असतात आणि या फिरत्या संसारात मुलांच्या शिक्षणाचे काय होते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, घर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? चार भिंती, वर छप्पर, दाराला कडी आणि खिडकीला पडदा. थंडी वाढली की आपण दार लावून घेतो आणि पांघरूण डोक्यावर ओढतो. पण ज्या घराला पक्क्या भिंती नाहीत, दाराच्या जागी एक पोते लटकते आणि जे घर दर वर्षी नव्या रानात उभे राहते, त्या घरात थंडीचे दिवस कसे जात असतील? असे घर पाहायला फार दूर जावे लागत नाही. हिवाळ्यात कोणत्याही साखर कारखान्याच्या परिसरात जा. तेथे ओळीने उभ्या असलेल्या कोप्या तुम्हांला दिसतील.

आपला धाराशिव जिल्हा पूर्वी उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. २०२३ साली त्याचे नाव बदलले. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा मुलूख कमी आणि बेभरवशाच्या पावसाचा. खरिपाचे पीक निघाले की कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या हाताला काम उरत नाही. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात मात्र नद्यांना धरणे आणि कालवे झाले, उसाचे मळे वाढले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामागून आणखी कितीतरी कारखाने आले. कारखाना चालवायचा तर रोज ताजा तोडलेला ऊस हवा. तो तोडायला माणसे हवीत. ती दुष्काळी भागातून येऊ लागली. १९७२ च्या मोठ्या दुष्काळाने तर अनेकांना घराबाहेर काढले. पुढे आपल्या जिल्ह्यातही ढोकी, केशेगाव, रांजणी अशा ठिकाणी कारखाने झाले. त्यामुळे भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतील काही लोक बाहेर ऊस तोडायला जातात आणि बाहेरचे काही लोक आपल्याकडे येतात.

या कामातले बरेच शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. हंगाम, मुकादम, कारखाना, मजूर हे शब्द उर्दूतही आहेत. उर्दूत 'मुकद्दम' म्हणजे पुढे असणारा. मुकादमही मजुरांच्या टोळीच्या पुढे असतो. तो पावसाळ्यातच मजुरांना आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एक ऊस तोडतो, दुसरी मोळी बांधते. दोघांनी मिळून हंगामभर राबून ती उचल फेडायची असते. म्हणून थंडी कितीही वाढली तरी अंथरुणात पडून राहणे या जोडीला परवडत नाही.

पूर्वी हे लोक बैलगाडीने निघत. कारखान्यावर पोहोचायला कित्येक दिवस लागत. वाटेत मुक्काम करावा लागे. आता पुष्कळ जण ट्रॅक्टरने जातात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. त्यांत ज्वारीची पोती, पिठाचा डबा, भांडी, चूल, सरपण, गोधड्या, कोंबड्या, शेळी आणि लहान मुले असा सारा संसार भरलेला असतो. वर म्हातारी माणसे बसतात. वारा झोंबतो. मुले गोधडीत शिरून प्रवास करतात. थंड देशांत काही लोक मोटारीमागे चाकांचे घर ओढत नेतात. त्या घरात बिछाना, शेगडी आणि न्हाणीघरही असते. आपली ट्रॉली तशी नाही. कारखान्यावर पोहोचताच तिच्यातला संसार खाली उतरतो आणि तिच्यात ऊस भरला जातो. राहायला उरते ती मोकळी जमीन. मग त्या जमिनीवर कोपी उभी राहते.

कोपी कशी असते ते पाहू. आपल्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांना टेकवा आणि मनगटे दूर ठेवा. कोपीचा आकार तसाच असतो. बांबूच्या आधाराने दोन चटया एकमेकींवर टेकवतात. त्यांवर उसाचे पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद टाकतात आणि तो दोरीने बांधतात. मागची बाजू बंद करतात. पुढच्या बाजूला पोते किंवा जुने लुगडे लावतात. आत जायचे तर मोठ्या माणसाला वाकावे लागते. एवढ्या जागेत चार-पाच माणसे झोपतात. बहुतेक ठिकाणी वीज, नळ आणि शौचालय नसते.

डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागात दुपारी ऊन चांगले तापते, पण पहाटे बोचरा गारठा असतो. थंडीची लाट आली की पारा १० अंशांच्या खाली जातो. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या बाजूला तर तो ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. बंद खोलीत हे आकडे फारसे जाणवत नाहीत. कोपीत मात्र तीच थंडी दुप्पट वाटते. असे का होते?

पहिले कारण वारा. आपल्या अंगाभोवती शरीराच्या उष्णतेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वाऱ्याची झुळूक फटीतून आली की हा थर उडून जातो. शरीराला पुन्हा नवी हवा तापवावी लागते. दुसरे कारण जमीन. ऊस पाण्याच्या काठी पिकतो. तेथील काळी जमीन ओलसर असते. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अंगातली उष्णता लवकर ओढून घेते. तिसरे कारण मोकळे आकाश. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. ढग असले तर ते थोडी उष्णता अडवतात. आकाश निरभ्र असेल तर ती सरळ निघून जाते. म्हणूनच चांदण्या स्वच्छ दिसतात त्या रात्री जास्त थंडी पडते. शिवाय थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली येऊन नदीकाठच्या सखल रानात साचते. नेमक्या त्याच रानात उसाचे फड आणि कोप्या असतात.

ही शास्त्राची कारणे कोपीत राहणाऱ्या माणसांनी पुस्तकात वाचलेली नसतात, पण त्यांना ती अनुभवाने ठाऊक असतात. त्यांचे उपाय पाहा. कोपीचे तोंड ते शक्यतो वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवतात. चटईच्या बुडाशी चारही बाजूंनी मातीचा बांध घालतात. त्यामुळे खालून वारा शिरत नाही आणि पाणीही आत येत नाही. जमिनीवर वाळलेल्या पाचटाचा जाड थर पसरतात. त्यावर पोती, त्यावर सतरंजी आणि मग गोधडी. पाचटाच्या पानापानांत हवा अडकून राहते. अडकलेली, स्थिर हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. गोधडीतही हेच घडते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवले की थराथरात हवा राहते. लक्षात ठेवा, थंडीत वरून दोन पांघरुणे घेण्याइतकेच खाली एक जाड अंथरूण घालणे महत्त्वाचे आहे.

प्लॅस्टिकचा कागद वारा आणि दव अडवतो, परंतु तो ऊब धरून ठेवत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. झोपलेल्या माणसांच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते. ती थंड कागदाला लागते आणि तिचे पाण्याचे थेंब होतात. पहाटे हे थेंब पांघरुणावर टपटप पडतात. ओली गोधडी ऊब देत नाही. म्हणून शहाणी माणसे कागदाच्या आतल्या बाजूला चटई किंवा पाचट ठेवतात, वरच्या बाजूला वाफ जायला थोडी फट ठेवतात आणि सकाळी गोधड्या उन्हात वाळत घालतात.

कोपीतली रात्र लवकर संपते. बाया पहाटे तीन-चारला उठतात. चूल पेटवून भाकरी थापतात. उजाडायच्या आत सगळे फडात पोहोचतात. उसाची पाने दवाने भिजलेली असतात. त्यांच्या कडा धारदार असतात. ओल्या, गारठलेल्या हातांना त्या चरचर कापतात. तान्हे मूल फडाच्या कडेला गोधडीत गुंडाळून ठेवलेले असते. दुपारी ऊन तापते तेव्हा अंगाला घाम येतो. संध्याकाळी तोच घाम अंगावर गार होतो. गाडीवानाला तर ऊस भरून कारखान्यावर न्यावा लागतो. वजनकाट्यापाशी गाड्यांची लांब रांग असते. कधी कधी सारी रात्र रांगेतच जाते. माणूस गाडीखाली अंग आखडून झोपतो. बैलांच्या पाठीवर पोत्याची झूल टाकायला मात्र तो विसरत नाही.

थंडीपेक्षाही मोठे असे दोन धोके कोपीत असतात. पहिला आगीचा. वाळलेले पाचट, बांबू आणि प्लॅस्टिक यांना ठिणगी लागली की काही मिनिटांत सारे जळून खाक होते. म्हणून चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला असावी. झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी टाकावे. जवळ पाण्याची घागर आणि मातीची पाटी भरून ठेवावी. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कडाक्याच्या रात्री काही जण घमेल्यात निखारे घेऊन ते बंद जागेत ठेवतात आणि झोपी जातात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. माणसाला गुंगी येते, डोके दुखते आणि झोपेतच प्राण जाऊ शकतो. ही गोष्ट पक्क्या घरातही तितकीच खरी आहे. पेटलेली शेगडी कधीही बंद खोलीत ठेवून झोपू नये.

थंडीशी असा सामना जगात इतरत्रही चालतो. लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा नावाचे पशुपालक राहतात. ते पश्मिना लोकरीच्या शेळ्या पाळतात. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर ते याकच्या केसांपासून विणलेल्या तंबूत राहतात. मंगोलियातील भटके लोक आपल्या गोल तंबूवर नमद्याचे जाड थर चढवतात. कॅनडासारख्या देशात काही जण चाकांच्या घरात हिवाळा काढतात. तेथे पारा शून्याच्या खाली ३० अंशांपर्यंत उतरतो. त्या घराखालून गार वारा वाहतो, म्हणून लोक चाकांभोवती फळ्यांचे कुंपण करतात. कोपीच्या बुडाशी घातलेला मातीचा बांध आणि हे फळ्यांचे कुंपण यांचे काम एकच. तेथे नळातले पाणी गोठून नळ फुटतात. स्वयंपाकाच्या गॅसमधला ब्युटेन हा घटक शून्याच्या जरा खाली गेला की त्याची वाफ होत नाही आणि शेगडी पेटत नाही. म्हणून तेथे उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होणारा प्रोपेन वापरतात. अंटार्क्टिका खंडावर २०१२ साली सुरू झालेले 'भारती' हे आपल्या देशाचे संशोधन केंद्र १३४ मालवाहू पेट्या जोडून बांधले आहे. त्यांच्याभोवती उष्णता रोखणारे आवरण आहे. साधी लोखंडी पेटीसुद्धा योग्य आवरण मिळाले तर बर्फात घर होऊ शकते.

आवरण नसेल तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या. हजारो माणसे दगावली. उमरगा-लोहारा भागातील जी माणसे वाचली, त्यांपैकी अनेकांनी पुढचा हिवाळा पत्र्याच्या निवाऱ्यांत काढला. पत्रा दुपारी तापतो आणि रात्री बर्फासारखा गार होतो. तो पाऊस अडवतो, थंडी अडवत नाही. निवारा देताना नुसते छप्पर देऊन भागत नाही. जमिनीवर अंथरायला, वाऱ्याला अडवायला आणि अंगावर घ्यायलाही काही द्यावे लागते.

आता तुमच्याच वयाच्या मुलांकडे वळू. दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा काही बाक रिकामे असतात. गुरुजी हजेरी घेतात आणि कोणीतरी सांगते, "तो कारखान्याला गेला." तेथे मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, शेळी राखते. मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या उचलू लागतो. पाच-सहा महिन्यांनी ही मुले परत येतात, तेव्हा वर्ग खूप पुढे गेलेला असतो. दोन-तीन वर्षे असे झाले की त्यांना अभ्यास समजेनासा होतो. मग ती शाळेकडे फिरकतच नाहीत आणि त्यांच्या हाती कोयता येतो. थंडीने अंग काकडते, ते उन्हाळ्यात बरे होते. सुटलेली शाळा मात्र आपोआप परत मिळत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. गाव बदलले तरी हा हक्क बदलत नाही. मूल जेथे जाईल तेथील शाळेत त्याला बसता येते. त्यासाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. काही कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या गेल्या. आई-वडील बाहेर गेले तरी मुलांना गावातच राहता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना झाली. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना सुरू केली. त्या योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. मात्र योजना कागदावर असून चालत नाही. ती त्या मुलाच्या घरी पोहोचली पाहिजे. ज्या घरी सांभाळायला आजी-आजोबा नाहीत, त्या घराला वसतिगृहाची माहिती वेळेवर मिळाली नाही, तर मूल ट्रॉलीत बसतेच.

येथे तुम्ही मदत करू शकता. तुमच्या वर्गातले कोण हंगामाला जाणार आहे, हे दसऱ्यापर्यंत कळते. ते आपल्या शिक्षकांना सांगा. हमी पत्रकाची आणि वसतिगृहाची चौकशी करा. मित्र गेलाच तर त्याच्याबरोबर त्याची पुस्तके जातील असे पाहा. तुमच्या गावाच्या शिवारात बाहेरून आलेल्या कोप्या असतील, तर तेथील मुलांची नावे आपल्या मुख्याध्यापकांना कळवा. घरात जास्तीची चादर, स्वेटर किंवा रिकामी पोती असतील, तर थंडी पडण्याआधी नेऊन द्या. देताना उपकाराची भाषा नको. आपल्या चहातली साखर ज्या हातांनी तोडलेल्या उसातून येते, त्या हातांना ऊब मिळावी, ही साधी माणुसकी आहे.

शब्दार्थ

कोपी – चटई, पाचट यांची तात्पुरती झोपडी
हंगाम – कामाचा ठरावीक काळ, मोसम
उचल – कामाआधी घेतलेली रक्कम
मोळी – एकत्र बांधलेल्या उसांचा भारा
फड – उसाचे शेत
पाचट – उसाची वाळलेली पाने
वाढे – उसाच्या शेंड्याची हिरवी पाने
कोरडवाहू – फक्त पावसाच्या पाण्यावर होणारी (शेती)
झूल – जनावराच्या पाठीवर टाकायचे कापड
निरभ्र – ढग नसलेले
सखल – खोलगट, उंच नसलेले
नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एक कोयता' कोणाला म्हणतात?
(आ) कोपीच्या बुडाशी मातीचा बांध का घालतात?
(इ) 'भारती' हे संशोधन केंद्र कोठे आहे?
(ई) शिक्षण हक्क कायदा कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) आकाश निरभ्र असते त्या रात्री जास्त थंडी पडते.
(आ) पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये.
(इ) प्लॅस्टिकच्या कोपीत पहाटे पांघरूण ओले होते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोपीत राहणारी माणसे ऊब टिकवण्यासाठी काय काय करतात?
(आ) हंगामाला गेलेल्या मुलांच्या शिक्षणाचे कसे नुकसान होते?

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (झूल, उचल, पाचट, मुकादम)
(अ) मजुरांच्या टोळीचा प्रमुख म्हणजे ............ .
(आ) जमिनीवर वाळलेल्या ............ जाड थर पसरतात. (शब्दाला योग्य प्रत्यय लावा.)
(इ) गाडीवान बैलांच्या पाठीवर ............ टाकतो.
(ई) पावसाळ्यात घेतलेली ............ हंगामभर राबून फेडावी लागते.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
थंड, ओली, रिकामा, स्थिर, आत, पहाट

प्र. ६. पाठातून उर्दूतही वापरले जाणारे सहा शब्द शोधा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा. दुसरीला जुन्या कापडाचे चार-पाच थर गुंडाळा. एका तासाने दोन्ही बाटल्यांतील पाणी तपासा. काय फरक पडला आणि का, ते वहीत लिहा.